बारा महिन्यांचा करार, पंधरा महिन्यांचा प्रयोग

पार्किन्सन, अल्झायमर, एएलएस अशा मेंदूची झीज करणाऱ्या आजारांवर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) करायला परदेशी निघालेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: करार एकाच वर्षाचा आहे, तेवढ्यात काही हाती लागलं नाही तर? मृण्मयीचाही (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) प्रश्न तोच होता. पुण्यात प्रथिनांच्या घडणीवर पीएचडी झालेली. जर्मनीतल्या एका पार्किन्सनवरच्या प्रयोगशाळेचं पत्र आलेलं: पगार टीव्ही-एल ई-13 या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीत, मुदत बारा महिने, ‘पुढे वाढू शकते’. इकडे घराजवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं चालू. आई म्हणत होती, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. तासिका तत्त्वाला ‘हातचं’ म्हणायचं का, हा वाद बाजूला ठेवू. आईची काळजी मात्र पोकळ नव्हती.

सल्ला विचारायला येताना मृण्मयीने दोन रकान्यांची यादी करून आणली होती. पगार, थंडी, भाषा, नवऱ्याची नोकरी, सगळं होतं. प्रयोगाचा उल्लेख कुठेच नव्हता. खरी अडचण तिथेच होती, म्हणून यादी मिटून पत्रातला प्रकल्पाचा परिच्छेद वाचायला घेतला. काम असं होतं: एक जनुक बंद केलेल्या उंदरांच्या मेंदूत अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे तंतू टोचायचे आणि आजार कमी पसरतो का ते पाहायचं.

पार्किन्सनच्या रुग्णांच्या चेतापेशींत दिसणाऱ्या ल्यूई बॉडीज (प्रथिनांचे गोळे) मुख्यतः याच प्रथिनाच्या असतात, हे 1997 मध्ये कळलं. प्रयोगशाळेत बनवलेले तंतू साध्या उंदराच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात टोचले तरी या प्रथिनाचे साठे पसरत जातात आणि डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, हे 2012 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. पद्धत आता रुळली आहे. पण पेशींची ठळक घट मोजायची तर टोचल्यापासून सहा महिने थांबावं लागतं. तिथे घाई चालत नाही.

मग कॅलेंडर मांडलं. उंदरांना हात लावायचा तर आधी प्राणिप्रयोगांचा कोर्स आणि परवानगीत नाव, त्याला दोन महिने. युरोपच्या नियमानुसार नव्या अर्जावर 40 कामकाजी दिवसांत निर्णय द्यायचा असतो, पण ते दिवस अर्ज पूर्ण झाल्यावर मोजले जातात. शंकांची पत्रं येत राहिली की सहा महिनेही सहज जातात. मग पैदास. गर्भ तीन आठवडे, दूध तुटायला तीन आठवडे, टोचताना वय दोन-तीन महिने. म्हणजे चार महिने धरा. आई-बाप दोघांकडे जनुकाची एकेकच बिघडलेली प्रत असेल, तर चारातलं एखादंच पिल्लू कामाचं. तंतूंसाठी 12 आणि नुसत्या बफरसाठी (तंतू नसलेल्या द्रावणासाठी) 12 असे 24 उंदीर हवे असतील, तर शंभरेक पिल्लं जन्मावी लागतात (त्यातच तुलनेसाठी साधी भावंडंही मिळतात). त्यापुढे थांबण्याचे सहा महिने. मग मेंदूचे 40 मायक्रॉनचे काप, रंगवणं, आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे न कळता पेशींची मोजणी, त्याला तीन. बेरीज पंधरा. तीही पहिल्याच फेरीत सगळं जमलं तर.

पहिल्या फेरीत बहुतेकदा तंतू दगा देतात. ते सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी तुकडे करणाऱ्या यंत्रावर) नीट तुटले नाहीत, लांबच राहिले, तर पेशींत शिरत नाहीत आणि नव्या साठ्यांचं बीज होत नाहीत. साधारण 50 नॅनोमीटरचे तुकडे हवेत, आणि ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघूनच पुढे जायचं. सवयीने नळी फ्रिजमध्ये ठेवली तरी घोटाळा, कारण हे तंतू 4 अंशांच्या आसपास हळूहळू सुटे होतात. साध्या उंदरांत माणसाच्या प्रथिनाचे तंतू वापरले तर परिणाम फिका येतो; उंदराच्याच प्रथिनाचे घ्यावेत. यातलं काहीही चुकलं तर ते सहा महिन्यांनी कळतं, काप कोरे निघाले की. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक नवी बॅच आधी उंदराच्या भ्रूणाच्या चेतापेशींवर तपासायची. पेशी वाढवायला घेतल्यापासून पाच-सात दिवसांनी तंतू घालायचे आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत पीएस129 अँटिबॉडीने (ती साठ्यांतल्या बदललेल्या प्रथिनाला चिकटते) साठे दिसतात का पाहायचं. ही चाचणी मृण्मयीच्या पीएचडीच्या कामाशी जुळणारी होती. हे लक्षात आल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

इथून बोलणं ‘जाऊ की नको’ वरून ‘काय विचारू’ वर आलं. प्रयोगशाळाप्रमुखांना पाठवायच्या मेलमध्ये तीनच प्रश्न ठेवले. मंजूर असलेल्या परवानगीत माझं नाव जोडता येईल, की नवा अर्ज लागेल? या जनुकाच्या उंदरांची पैदास सुरू आहे का, आणि आधी टोचलेल्या उंदरांचे मेंदू फ्रीझरमध्ये आहेत का? ज्या अनुदानातून पगार येणार, ते कोणत्या तारखेपर्यंत आहे? ‘करार वाढेल का’ असं थेट विचारलं की ‘बहुधा हो’ एवढंच उत्तर येतं. अनुदानाची तारीख विचारली की आकडा सांगावा लागतो. ‘सर रागावतील का?’ असं तिने दोनदा विचारलं. असे प्रश्न त्यांच्याकडे रोज येतात, आणि न विचारणाऱ्याने प्रकल्प नीट वाचला नाही असाच समज होतो.

रुजू होण्याची तारीखही बदलायला सांगितली. पत्रात 1 जुलै होती. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची अट अशी, की अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आणि ही तारीख गेली काही वर्षं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. जुलैत गेली तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात चौदा महिने होऊन दार बंद. ऑक्टोबरात गेली तर अकरा, म्हणजे त्याच प्रयोगशाळेतून अर्ज करता येतो आणि तोवर हातात चेतापेशींवरचे प्राथमिक निकालही असतात.

उत्तर आलं ते बऱ्यापैकी सरळ होतं. परवानगीत नाव जोडता येईल, पैदास सुरू आहे, जुने मेंदू मात्र नाहीत. अनुदान 22 महिन्यांचं उरलं होतं. 1 ऑक्टोबरला रुजू व्हायचं तर त्यातले 19 मिळत होते, आणि विद्यापीठाने करार 19 महिन्यांचा करून दिला. पहिले तीन महिने कोर्स आणि तंतूंच्या बॅचेस, टोचणं चौथ्या महिन्यात, काप दहाव्यात, मोजणी तेराव्यापर्यंत. एक फेरी फसली तर दुसरी पूर्ण व्हायला नऊ-दहा महिने लागतात, तेवढे उरत नाहीत. हे मृण्मयीने आईलाही सांगितलं, आणि गेली.

उत्तर मोघम आलं असतं, तर त्या प्रयोगशाळेतून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्या दोन-तीन पोस्टडॉक्सना गाठायचं ठरलं होतं. पबमेड या शोधनिबंधांच्या सूचीवर पहिल्या लेखकांची नावं मिळतात. त्यांना विचारायचं एवढंच: तुम्ही रुजू कधी झालात, आणि पेपर कधी निघाला?