तुमचे प्रश्न : दोघं, एक गाडी आणि आठ किलो सामान

जोडीने मोटरसायकलवर देशाबाहेर निघणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातल्या चारांना उत्तरं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पुढच्या वर्षी मध्य आशियाकडे निघणार आहोत. सराव म्हणून पॅनियर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या) भरून तोरणमाळला गेलो, तर घाट उतरताना मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. मेकॅनिक म्हणतो, जाड स्पोक टाका. टाकावेत का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : आधी तुटलेले तुकडे पाहा. हबजवळच्या वाकणात तुटले असतील तर जाडीचा दोष नाही, स्पोक सैल होते. चाक फिरताना खाली आलेल्या स्पोकवरचा ताण कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो. मुळातच सैल स्पोक खाली येताना पार ढिला पडतो आणि वाकणात हलत राहतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसंच ते. एक तुटला की भार शेजारच्यांवर जातो, म्हणून दुसरा लगेच गेला.

चाक अधांतरी करून छोट्या पान्याने प्रत्येक स्पोक वाजवा. घट्ट असेल तो टणकन वाजतो, सैल असेल तो बद्द. सैल निपल (रिमपाशी स्पोक आवळणारं बारीक नट) पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका दमात आवळू नका. पूर्ण चक्कर मारून चाक डुलतं का ते बघा, मग पुढची पाव. नवे स्पोक बसवल्यावर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा हेच करावं लागतं. टायर उतरवला असेल तर निपलच्या वर आलेली टोकं कानशीने घासा, नाहीतर ट्यूब आतूनच पंक्चर होते आणि आपण रस्त्यावरच्या खिळ्याला शिव्या देत बसतो. सोबत सहा स्पोक ठेवा, पण आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे तीन-तीन. त्यांची वाकणं वेगळी असतात.

आता खरं दुखणं, म्हणजे वजन. पुस्तिकेतल्या कमाल वजनातून गाडीचं वजन वजा करा. समजा ३७० वजा २००, उरले १७०. दोघांचे १३२ किलो, हेल्मेट-जॅकेट-बुटांच्या दोन जोड्या १६, रिकामे पॅनियर आणि त्यांची चौकट १४. सामानाला राहिले आठ किलो! त्यात तंबू, स्टोव्ह आणि महिनाभराची कळण्याची भाकरी बसत नाही. केळीच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याकडे प्लॅटफॉर्म काटा असतो. पुढचं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून मागचं काट्यावर घ्या, दोघं पूर्ण पोशाखात बसा आणि आकडा वाचा. टायरवर १२०/९०-१७ या मापाच्या पुढे ६४ असेल तर तो २८० किलोसाठी आहे, ६६ असेल तर ३०० साठी. तेही हवा बरोबर असताना. दोघांसाठीची हवा पुस्तिकेत वेगळी दिलेली असते. ती पहाटे, टायर थंड असताना भरा. जळगावच्या उन्हात दुपारी दोन-तीन पीएसआय जास्त दिसते म्हणून सोडू नका. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, तोही वाढवा. हत्यारं आणि सुटे भाग पुढे क्रॅश गार्डपाशी बांधा. मागच्या पेटीत जड वस्तू ठेवली की हँडल हलकं पडून वेगात डुलायला लागतं.

प्रश्न : एमएच-१८ ची गाडी, कर्ज अजून चालू आहे. इराण-तुर्कस्तानमार्गे जायचं तर कागद कोणते? – वाचक दाम्पत्य, धुळे

उत्तर : पहिल्यांदा बँकेची लेखी ना-हरकत घ्या, तिच्याविना पुढचं काही सुरूच करू नका. मग कार्नेट, म्हणजे सीमेवर दाखवायचं गाडीचं कस्टमचं पुस्तक. गाडी त्या देशात विकणार नाही, परत नेणार याची ती हमी असते. इराणला ती लागते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते, तारण घेऊन. मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: खालचा देशात शिरताना फाडतात, मधला बाहेर पडताना, वरचा पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के लागतात. सगळे अडकतात ते बाहेर पडतानाच्या शिक्क्याला. रात्री सीमेवर कंटाळून तसंच पुढे गेलात, तर त्या देशाच्या दप्तरी गाडी अजून तिथेच उभी असते आणि तारण सुटत नाही. शिक्का दिसल्याशिवाय गाडी सुरू करू नका. चासी आणि इंजिन क्रमांक आरसीवरून अक्षर-अक्षर ताडून पाहा.

तुर्कस्तानात गाडीची नोंद तुमच्या नावावर होते, त्यामुळे गाडी तिथे ठेवून विमानाने घरी यायचा बेत आखू नका. युरोपात शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, हिशेब कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस मुक्काम असा असतो. भारतातला विमा तिकडे चालत नाही, सीमेवर नवा घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत फॉर्म ४-अ भरून मिळतो, तोही एकाच वर्षाचा. दोघंही चालवणार असाल तर दोघांनी काढा. पाकिस्तानच्या सीमेवरच्या अटारीवरून रस्त्याने जायचा विचार सोडा, गाडी जहाजानेच पाठवा. विमानाने पाठवायची झाल्यास लांबी-रुंदी-उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ६०००, इतक्या किलोंचे पैसे लागतात. २१०×९०×११० ची पेटी ३४६ किलोंची होते. पुढचं चाक आणि हँडल काढून ती १९०×७५×१०० केली की २३७ वर येते.

प्रश्न : मागे बसून दोनशे किलोमीटरनंतर माझी कंबर भरते. सीट बदलावी का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : सीटच्या आधी फूटपेग बघा. गुडघे नितंबांपेक्षा वर येत असतील तर सगळा भार कण्यावर जातो. पेग थोडे खाली घेता आले तर घ्या. ब्रेक लागताना नवऱ्याच्या खांद्यांना न धरता दोन्ही हात टाकीवर टेका. दर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर उतरा, चहा घ्यायचा नसला तरी.

प्रश्न : आमच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीने पामीर होईल का? – एक वाचक, शहादा

उत्तर : होईल, कुरकुरत. ताजिकिस्तानातली अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त. पेट्रोल मात्र तेवढंच येतं, म्हणून मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो आणि गाडी दम टाकते. एक-दोन क्रमांक लहान मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) घाला, फिल्टर साफ ठेवा, गिअर एक खालचा धरा. कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं आणि इंजिन टकटकलं तरी उपाय तोच, खालचा गिअर. खाली उतरल्यावर मूळ जेट परत बसवायला विसरू नका. पातळ मिश्रणावर पळवली तर पिस्टन जळतो.