आठला निघून चालेल का?

प्रश्न : आम्ही चौघं एका आडबाजूच्या शिखरावर एका दिवसात जाऊन यायचं म्हणतोय. जाऊन-येऊन २२ किलोमीटर, चढ १,४५० मीटर. माथ्याखालच्या तीन किलोमीटरला वाटच नाही, नुसतं गवत आणि घसारा. त्या सुमाराला सूर्यास्त सव्वासहाला आहे. आमच्यातला एक म्हणतो, आरामात आठला निघू, उतरायला काय लागतं? माझं मन घेत नाही. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : मन घेत नाही ते बरोबरच आहे. पण तेवढ्यावर कुणी मित्र पहाटे उठत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर कागद ठेवू.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा सांगितला. मैल आणि फूट सोडून आपल्या मापात बसवला तर तो असा : दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या २२ किलोमीटरचे झाले चार तास चोवीस मिनिटं, चढाचे दोन तास पंचवीस. म्हणजे सात तासांनाही अकरा मिनिटं कमी. इथे तुमचा मित्र खूश होऊन वही मिटेल. मिटू देऊ नका. हा हिशेब धडधाकट माणसाचा, बऱ्या वाटेवरचा आणि कुठेही न थांबणाऱ्याचा आहे. बुटातला खडा काढणं, मागे राहिलेल्याची वाट बघणं, ‘इकडून की तिकडून’ यावरची चर्चा, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही.

मी प्रत्येक चालीनंतर घरी आले की नेस्मिथचा वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवते. चौघांचा गट आणि वर मोडलेली वाट असेल तर माझ्या वहीत १.४ च्या आसपास गुणक पडतो. तुमचा तुम्ही काढालच, तोवर माझा उसना घ्या आणि नेस्मिथच्या वेळेला त्याने गुणा. चढाई साडेसहा तास, उतराई तीन, एकूण साडेनऊ.

आता आठला निघून बघा. माथ्यावर पोचायला अडीच वाजले. वर न टेकता उलटे फिरलात तरी खाली यायला साडेपाच. सूर्यास्ताला उरला पाऊण तास. चौघांपैकी एकाचा पाय घसाऱ्यावर मुरगळला की तो पाऊण तास गेलाच. शिवाय जमीन तापून ढग चढतात, विजा कडाडतात ते बहुतेक दुपारनंतरच, आणि त्या वेळी तुम्ही उघड्या धारेवर असणार.

त्यापेक्षा साडेपाचला निघा. पहिला टप्पा हेडटॉर्चच्या उजेडात होईल, पण तो मळलेल्या वाटेचा आहे आणि अंधार हळूहळू विरत जाणार आहे. बाराच्या सुमाराला माथा, वर थोडं बसूनही साडेतीनला खाली.

आणि परतीची वेळ ठरवा : साडेबारा. शिखर समोर हाताच्या अंतरावर दिसत असलं तरी साडेबाराला मागे वळायचं. हे आदल्या रात्री चौघांनी मिळून ठरवायचं, वर गेल्यावर मतदान नाही. वर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नव्हतं. एकदा ठरलेल्या वेळेच्या वर ‘वीसच मिनिटं’ घेतली. त्यांची झाली पन्नास. माथ्याला हात लागला, फोटोही छान आला. उतरताना सावल्या लांबल्या होत्या आणि आम्ही शेजारच्या सोंडेवर उतरलो. अर्धा तास उतरल्यावर पायाखाली एकदम कडा. तो अर्धा तास पुन्हा चढताना माझी सोबतीण एक अक्षर बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

हे का होतं ते नकाशावर बघा. चढताना सगळ्या सोंडा एकाच माथ्याकडे येतात, थोडं चुकलात तरी पोचता. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात. माथ्याजवळ दहा पावलं इकडची तिकडे झाली की खाली तुम्ही दुसऱ्याच खोऱ्यात. म्हणून चढतानाच दर फाट्यावर मागे वळून बघा, तसाच फोटो काढा. तोच रस्ता उलट्या बाजूने अनोळखी दिसतो.

बिनवाटेचे ते तीन किलोमीटर घरीच वाचून काढा. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. तेवढ्यात दहा समोच्च रेषा (दर २० मीटर उंचीला एक) आल्या तर चढ साधारण २२ अंशांचा, पाय चालतात. वीस आल्या तर ३९ अंशांच्या आसपास. तिथे हात टेकावे लागतील आणि गुणकबिणक विसरा. असा पट्टा दिसला तर वळसा शोधा, नाहीतर शिखर बदला.

बाकीचं थोडक्यात. तासाला अर्धा लिटर धरलं तर माणशी पाच लिटर पाणी होतं. नकाशावरचा ओढा त्या दिवसांत वाहतो का, हे विचारल्याशिवाय कमी करू नका. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या हिशेबाने माथ्यावर पायथ्यापेक्षा नऊ अंश कमी असतील, वारा वेगळा. सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही. आणि मागे राहणाऱ्या एका माणसाला कागदावर लिहून द्या : वाट कुठली, चौघं कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. ही वेळ साडेतीन ठेवू नका, साडेसात ठेवा. नाहीतर तुम्ही चहा पीत असाल आणि शोधपथक डोंगर चढत असेल.

प्रश्न : फोनमध्ये नकाशा आणि वाट दोन्ही उतरवून घेतलंय. तरी कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी हे ओझं कशाला?

उत्तर : फोन मीही वापरते, एअरप्लेन मोडवर आणि आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. पण तो फोटोलाही लागतो, उजेडालाही आणि मदत मागायलाही. त्यातलं एक काम कागदावर सोपवलं तर बिघडलं कुठे? शिट्टीचं वजन सुट्या नाण्यांइतकं. मिनिटाला सहा फुंकर, मग एक मिनिट गप्प, मग पुन्हा सहा. उत्तरादाखल मिनिटाला तीन ऐकू आल्या की तुमची हाक पोचली. तरी फुंकत राहा, त्यांना तुमची जागा सापडायची असते.