कॅन्यन, मेसा, गूझनेक यांना मराठीत काय म्हणावं?

विचारणा अशी आहे : अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनला 'घळई' म्हणावं की 'दरी'? आणि मेसा, ब्यूट, गूझनेक या तिकडच्या भूरूपांना मराठी शब्द आहेत का?

'घळई' शाळेच्या भूगोलात भेटते, पण तिच्यात अरुंदपणा गृहीत धरलेला असतो. ग्रँड कॅन्यन दीड किलोमीटरहून खोल खरी, पण काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे. एवढ्या ऐसपैस प्रकाराला घळई म्हणवत नाही. तिच्या तळाशी 'विष्णू शिस्ट' (होय, आपलाच विष्णू!) या कठीण खडकात कोलोरॅडो नदीने जो चिंचोळा चर कापलाय, तो मात्र अस्सल घळई. वर मऊ-कठीण थर एकाआड एक आहेत. मऊ थर लवकर झिजतात, कठीण थरांचे कडे उभे राहतात, म्हणून काठ पायऱ्यापायऱ्यांचे. या सगळ्याला मिळून मी 'कॅन्यन'च म्हणतो. इंग्रजीनेही तो शब्द स्पॅनिशकडून उसना घेतलाय.

मेसा म्हणजे स्पॅनिशमध्ये टेबल. माथा सपाट, चहूबाजूंना कडे. 'पठार' हा शब्द त्याला फार मोठा होतो. 'सपाट माथ्याचा डोंगर' चालेल. तोच झिजून आटला आणि रुंदीपेक्षा उंची जास्त झाली की ब्यूट. मॉन्युमेंट व्हॅलीतले प्रसिद्ध उभे खडक ते हेच. भाषांतरांत त्यांना सर्रास 'सुळका' म्हणतात, ते मला खटकतं. सुळक्याला टोक हवं, ब्यूटचा माथा सहसा सपाट असतो.

खरा पेच गूझनेकचा, म्हणजे नदीने खडकात खोल कापलेल्या नागमोडी वळणांचा. अमेरिकेच्या युटा राज्यात सॅन वान नदी जेमतेम अडीच किलोमीटर पुढे सरकण्यासाठी सुमारे दहा किलोमीटर वळणं घेते, तीही ३०० मीटर खोल खडकात. नागमोडी वळणं सपाट मैदानात पडतात असं आपण शिकलो, मग ही कड्यांत कशी? आधी सपाटीवर पडली, मग भूभाग वर उचलला गेला आणि नदी त्याच वाटेने खाली कापत राहिली. 'हंसग्रीवा' हे शब्दशः भाषांतर देखणं आहे, पण त्यातून यातलं काहीच कळत नाही. मी 'कोरीव नागमोड' सुचवेन.

अशी एखादी नागमोड कापून नदी सरळ गेली की मागे उरलेल्या वळणाला तिकडे रिंकन म्हणतात. आपल्याकडचं 'नालाकृती सरोवर' इथे चालणार नाही, कारण तिथे बहुधा पाणीच नसतं. 'नदीने सोडलेलं वळण' एवढं साधं लिहिलं तरी पुरतं.