परवेज नावाचा अर्थ काय? मुलाला हे नाव ठेवलं तर चालेल का?

अर्थ विजयी. इराणच्या जुन्या पहलवी भाषेतल्या 'अबरवेझ'वरून आलेलं. तिथल्या सासानी घराण्याचा बादशहा खुसरो दुसरा (इ.स. 590 ते 628) याचा हा किताब, पुढे लोक मुलांना तेच नाव ठेवू लागले. पारशी घरांतही चालतं. पण 'चालेल का' हा किडा तुमच्या डोक्यात कुणी सोडला असेल ते मला कळतंय. मीही परवेजच.

माझ्या निकाहात काझीसाहेबांनी नवऱ्यामुलाचं नाव विचारलं आणि मुलीकडचे एक बुजुर्ग उठून उभे राहिले. पैगंबरसाहेबांचं पत्र फाडणारा तो हाच खुसरो परवेज, हे नाव निकाहनाम्यावर चढवू नका, अब्दुल्ला लिहा! मंडप गप्प. तिकडे बिर्याणी दमवर. अब्बा एसटीत कंडक्टर, आवाज कमावलेला. म्हणाले, "दाखल्यावर परवेज, रेशनकार्डावर परवेज. अब्दुल्लाला पगार कोण देणार?" लोक हसले, तसे बुजुर्ग आणखी तापले. काझीसाहेबांनी एवढंच विचारलं, "नावाचा अर्थ वाईट आहे का? नाही ना?" आणि परवेजच लिहिलं. बुजुर्ग न जेवता गेले. अजूनही ईदला भेटले की मला 'दामादजी' म्हणतात, नाव तोंडातून निघत नाही.

तेव्हा नवरदेव म्हणून गप्प बसलो, आता सांगतो. जहांगीर बादशहाच्या मुलाचं नाव परवेज होतं. दख्खनच्या मोहिमेवर असायचा, 1626 मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. त्या दरबारात काय उलेमा नव्हते? पत्रावर बोलणं अडलं की ही मंडळी 'नाव अरबीच हवं' म्हणतात. अहो, नमाज आणि रोजा हे शब्द तरी कुठे अरबी आहेत? फारसीच ना? आणि एका माणसाच्या पापानं नाव बाटत असेल, तर दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या मारेकऱ्याचं नाव फिरोज होतं. गल्लोगल्ली फिरोज आहेत. त्या बुजुर्गांचा थोरला मुलगाही फिरोजच!

पत्राची गोष्ट खोटी असं मी म्हणत नाही, किस्रानं (म्हणजे खुसरोनं) पत्र फाडल्याचं हदीसमध्ये आहे. घरात आजी-आजोबांना खरंच लागणार असेल तर दुसरं नाव बघा, भांडण मात्र पाहुण्यांसाठी करू नका.

ठेवलंत तर इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यावरच पक्कं करा. माझ्या आधारवर 'ई' आहे, पॅनवर 'ए', आणि बँकवाले दर वेळी प्रतिज्ञापत्र मागतात.