वहीतला सोळावा प्रश्न

चिरंजीव पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला आणि आधी रागच आला. आपल्या हिमोफिलिया चॅप्टरच्या, म्हणजे इथल्या शाखेच्या बैठकीत राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून तुझं नाव निघालं, तर कुणीतरी म्हणालं, "पेशंट सोडून बहिणीला कशाला पाठवताय?" आणि तू लगेच नाव मागे घ्यायला निघालीस. "काका, मी पेशंट नाही ना," म्हणे! अगं, तुझी फॅक्टर आठची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, पातळी ३१ टक्के आली आहे. रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय. पातळी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर बाईलाही नुसती 'वाहक' न म्हणता हिमोफिलियाची रुग्णच म्हणायचं, हे जगभरच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये ठरवलंय. तो मुद्दा तिथेच मिटला.

पण तुझी पातळी शंभर असती तरी मी हेच लिहिलं असतं. प्रतिनिधी कोण, हे रक्ताच्या रिपोर्टवरून ठरत नाही. प्रतिनिधी म्हणजे निरोप्या. इथला निरोप तिथे न्यायचा आणि तिथलं उत्तर आणून ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. गळ्यातला बिल्ला, कापडी पिशवी, पाहुण्यांबरोबरचा फोटो हे मिळालं तर मिळालं.

मी पहिल्यांदा राष्ट्रीय अधिवेशनाला गेलो ते २००६ साली. निघायच्या आदल्या दिवशी सिव्हिलच्या बाकावर माण तालुक्यातली एक बाई भेटली. आठ वर्षांचं पोर मांडीवर, गुडघा सुजून चकचकीत झालेला, त्यावर फडक्यात बांधलेला बर्फ. पाणी गळून तिची साडी ओली झाली होती, पण हात हलवत नव्हती. मला म्हणाली, "दादा, पोराचं हुतंय कसंतरी. पर थोरलीला पाळी आली की धा-धा दिस रगत जातंय. तिचंबी तपासाय लागतं का, एवढं इचारून या." मी "हो, हो" म्हणालो. लिहून घेतलं नाही. एवढं कोण विसरतंय!

आणि विसरलो नाहीच, हे जास्त वाईट. शेवटच्या दिवशी प्रश्नोत्तरं होती. माईक माझ्या रांगेत आला, हातात आला. हॉलमध्ये बहुतेक पुरुष. पाळी हा शब्द मला माईकवर उच्चारवला नाही. मी फॅक्टरच्या किमतीबद्दल तावातावाने बोललो. टाळ्या पडल्या. परत आल्यावर महिन्याभराने बाई त्याच बाकावर. "काय म्हनाले?" मी म्हणालो, "विचारलं. बघतो म्हणाले."

तिच्या थोरलीचं लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की पिशव्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या. वाचली. तपासणी त्यानंतर झाली, पातळी २२ टक्के.

त्या काळी बायकांचा रक्तस्राव डॉक्टरही फारसा मनावर घेत नसत. मी विचारलं असतं तरी धड उत्तर मिळालं असतं की नाही, कोण जाणे. शिवाय त्या दिवशी माझा उजवा कोपर रक्ताने भरला होता, सकाळीच फॅक्टरचं इंजेक्शन घेऊन हॉलमध्ये बसलो होतो. बघ, वीस वर्षं होत आली, अजून स्वतःची वकिली चालूच आहे. उत्तर मिळालं नसतं तर "नाही मिळालं" हे तरी खरं सांगता आलं असतं.

म्हणून वही. दोनशे पानी कसली, साधी चाळीस पानी घे. ओपीडीच्या दिवशी बाकावर जाऊन बस आणि विचार, "मी जातेय, तुमचं काय विचारू?" पहिल्यांदा लोक गप्प बसतील. थांब. चहा पी. मग बोलतील. प्रत्येकाचं नाव, गाव, हिमोफिलिया ए (फॅक्टर आठ कमी) की बी (फॅक्टर नऊ कमी), इन्हिबिटर, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं, आहे की नाही, आणि प्रश्न त्याच्याच शब्दांत. शुद्ध करायला जाऊ नकोस. ए की बी हे आधी लिही, कारण तिथे नव्या इंजेक्शनांचे स्टॉल असतील. एमिसिझुमॅब कातडीखाली घेता येतं, शीर शोधावी लागत नाही, ऐकून हरखून जायला होतं. पण ते हिमोफिलिया ए साठी आहे. बी वाल्या पोराच्या आईला पत्रक आणून दिलंस तर तिला उगाच आशा लावल्यासारखं होईल.

मागे एका पोराने विचारलं होतं ते आठवतंय? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आला, एकवीस प्रकारांत आपलंही नाव आहे, सर्टिफिकेट मिळालं, मग सरकारी नोकरीच्या ४ टक्क्यांत आम्ही का नाही? उच्च शिक्षणाच्या आरक्षणात आहोत, नोकरीच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. प्रश्न बरोबर आहे. हा असा प्रश्न पोराच्या नावासकट न्यायचा. "आमच्या भागातील रुग्णांच्या अनेक समस्या आहेत" असली वाक्यं भाषणवाल्यांना सोड. ती ऐकताना लोक चमचे मोजतात.

इंग्रजी येत नाही हे कारण तर मला पुन्हा सांगूच नकोस. हिंदी मोडकीतोडकी चालते. तेही नाही जमलं तर चिठ्ठीवर मराठीत लिहून शेजारच्याला वाचायला दे, कुणीतरी नागपूर-पुण्याचं सापडतंच. १९८३ साली दिल्लीत अशोक बहादूर वर्मांनी आपलं देशभरचं हिमोफिलिया फेडरेशन उभं केलं, तेव्हा ते काही डॉक्टर म्हणून पुढे आले नव्हते. त्यांना स्वतःला हा आजार होता. अडलेल्या माणसाने विचारायला सुरुवात केली, तिथूनच हे सगळं उभं राहिलं.

प्रवासाचं थोडक्यात. भाऊ बरोबर येणार असेल तर त्याचा फॅक्टर आइसपॅकच्या डब्यात आणि डबा स्वतःच्या मांडीवर, सामानाच्या ढिगात नाही. डॉक्टरांचं पत्र दोन प्रतींत. बॅग त्याला उचलू देऊ नकोस, आणि त्याने मुद्दाम उचललीच तर भांडत बसू नकोस. त्या वयात मीही उचलायचो. तुझं म्हणशील तर तारखा बघून घे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरोबर ठेव. एवढं काका म्हणून लिहितो, लाजायचं असेल तर मी लाजतो.

परत आल्यावर ग्रुपवर फोटो टाकून "खूप शिकायला मिळालं" लिहिलंस तर मी तो ग्रुप सोडेन. निरोपाचं उत्तर ग्रुपवर देत नाहीत. वहीत पंधरा नावं असतील तर पंधरा माणसांना भेटायचं. ज्याचं उत्तर नाही त्यालाही भेटायचं, आणि नाही म्हणून सांगायचं. यात दोन महिने जातील. तुझी परीक्षा आहे हे माहीत आहे. मग रविवार धर. कंटाळा येईल, एसटी चुकेल, कुणीतरी म्हणेल की ही फुकटात फिरून आली. म्हणू दे, पण वहीतलं एकही नाव भेटायचं राहू देऊ नकोस.

ज्याने बैठकीत तुझ्याबद्दल ते उद्गार काढले, त्याचाही प्रश्न वहीत घे. त्याच्या घरी पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, गुडघा आखडलेला. रागावून त्याला वगळशील, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि सोळावा प्रश्न माझा. घरात एकाला हिमोफिलिया निघाला की त्याच्या बहिणींची आणि आईची पातळी लगेच, लग्नाच्या आधी, बाळंतपणाच्या आधी तपासायची, हे प्रत्येक चॅप्टरने नियम म्हणून का करू नये? माईक हातात आला की पाळी हा शब्द उच्चारून विचार. उत्तर मला आणून देऊ नकोस. माणच्या त्या बाईंचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय. थोरलीला आता दुसरी मुलगी झालीये, असं ऐकलं. दहिवडीला उतरून रिक्षा करावी लागते. जाताना मला सांग, मीही येतो. पायऱ्या असतील तर मी खाली थांबेन.

तुझा काका