‘फिरायला नेले’ आणि ‘फिरायला गेलो’

“लग्न होऊन सहा महिने झाले. आम्ही दर शनिवारी-रविवारी कुठे ना कुठे फिरायला जातो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी भांडून परत येतो. घरी भांडण होत नाही, कारण घरी बोलणेच होत नाही. ताई, आमचे मुळात जुळतच नाही का?”

हा प्रश्न मला एका नवविवाहितेने दक्षिण कोरियातील सुवॉन शहरातून विचारला. थोड्याफार फरकाने तो परदेशी स्थायिक झालेल्या इतर जोडप्यांकडूनही माझ्यापर्यंत येतो, म्हणून या दोघांच्या संमतीने, काही तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे. नावे मात्र देत नाही, बदललेलीही नाही. तिकडचे मराठी वर्तुळ इतके लहान आहे की नाव बदलले तरी ‘म्हणजे ती ना?’ असा प्रश्न विचारणारे कोणीतरी निघतेच.

सुवॉन हे सोलच्या दक्षिणेस, मेट्रोने साधारण तासाभराच्या अंतरावर असलेले मोठे शहर आहे. तो तिथे इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रात अभियंता म्हणून तीन वर्षांपासून नोकरी करत होता, तर ती नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होती. डिसेंबरमध्ये लग्न झाले, फेब्रुवारीच्या अखेरीस ती कोरियात पोहोचली आणि जूनमध्ये समुपदेशनासाठी आमची पहिली ऑनलाइन भेट झाली. कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, त्यामुळे रविवारी सकाळी १० वाजता मी पुण्यात संगणकासमोर बसत असे तेव्हा तिकडे दुपारचा दीड वाजलेला असे आणि दोघांचीही जेवणे नुकतीच आटोपलेली असत.

पहिल्या भेटीत तो थोडा दुखावलेला होता. त्याने आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सहलींची यादीच वाचून दाखवली. एप्रिलच्या सुरुवातीला योइदो येथे चेरीचा बहर, मग ग्योंगबोकगुंग राजवाडा, जिथे हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून गेल्यास तिकीट लागत नाही म्हणून दोघांनी भाड्याने हानबोक घेतले होते, त्यानंतर नामसान टेकडीवरचा मनोरा आणि मे महिन्यात नामी बेट. प्रत्येक सहलीचा तक्ता त्याने आठवडाभर आधी बनवलेला असे. “मॅडम, मी हिला इतके दाखवले, आता आणखी काय करायला हवे होते?” असे त्याने विचारले. तिचे उत्तर असे होते की, ह्याने मला सगळीकडे नेले हे खरे आहे, पण मला त्यातले काहीच आठवत नाही, फक्त भांडणे आठवतात.

भांडणांचे विषय वरवर पाहता क्षुल्लक होते. राजवाड्याजवळ त्याने चांगले अभिप्राय वाचून निवडलेल्या उपाहारगृहात शाकाहारी म्हणून जे सूप आले, त्याचा रस्सा सुक्या मासळीचा निघाला आणि ती उपाशी राहिली. नामी बेटावर, जिथे गाप्योंगच्या धक्क्यावरून बोटीने काही मिनिटांत पोहोचता येते, तिला उंच झाडांच्या रांगेत नुसते बसून राहायचे होते, पण परतीच्या गाडीची आसने आरक्षित होती आणि तक्त्यात त्या झाडांसाठी वीस मिनिटे होती. शिवाय प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे काढणे हे एक कामच होऊन बसले होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचे सण, विशेषतः श्रावणातली मंगळागौर, तिकडे होणार नाहीत याची हळहळ दोन्ही घरी होती आणि त्या हळहळीची भरपाई म्हणून दर रविवारी रात्री दोन्ही कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर हसरी छायाचित्रे जायलाच हवीत, असा एक न बोललेला नियम तयार झाला होता.

मी त्या भेटीत भांडणांपेक्षा क्रियापदांकडे अधिक लक्ष दिले. दीड तासात तिने ‘आम्ही गेलो’ असे एकदाही म्हटले नाही. ती म्हणत होती, ‘मला नेले’, ‘मला दाखवले’, ‘मला घेऊन दिले’. तोही ‘नेले’ आणि ‘दाखवले’ असेच म्हणत होता, फक्त अभिमानाने. आपल्या भाषेत लहान मुलांना फिरायला नेतात, वडीलधाऱ्यांना देवदर्शनाला नेतात. सत्तावीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर चार वर्षे जगलेली स्त्री जेव्हा प्रत्येक वाक्यात कर्म होऊन बसते, तेव्हा प्रश्न सहलीचा राहत नाही.

म्हणून मी तिला सोमवार ते शुक्रवारचा दिनक्रम तासातासाने लिहून आणायला सांगितले. तिचा व्हिसा अवलंबित जोडीदाराचा होता आणि त्यावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही, हे मला ठाऊक होते. ज्याची मी कल्पना केली नव्हती, ती गोष्ट फोनची होती. कोरियात निवासपत्र हाती येईपर्यंत स्वतःच्या नावावर नेहमीचा मोबाइल क्रमांक घेणे अवघड असते, म्हणून सुरुवातीला त्याने स्वतःच्या नावावर दुसरा क्रमांक घेऊन तिला दिला. पुढे तिचे निवासपत्र आले, पण क्रमांक तसाच राहिला. त्या देशात घरपोच किराणा मागवण्यापासून दवाखान्याची वेळ घेण्यापर्यंत बहुतेक व्यवहारांत स्वतःच्या नावावरच्या फोनने ओळख पटवावी लागते, आणि तिचा क्रमांक तिच्या नावावर नसल्याने प्रत्येक छोटी खरेदी नवऱ्याच्याच खात्यातून करावी लागे, जिचा ओटीपी कार्यालयात बैठकीत बसलेल्या नवऱ्याच्या फोनवर जात असे. कोथिंबिरीची जुडी मागवायची तरी त्याला संदेश पाठवून आकडे विचारायचे. कचऱ्याचेही तेच झाले होते. तिथे खरकटे वेगळे, प्लास्टिक वेगळे आणि उरलेला कचरा स्थानिक प्रशासनाच्या विकत मिळणाऱ्या पिशवीत टाकायचा असतो. एकदा चूक झाल्यावर इमारतीच्या रखवालदाराने काहीतरी रागाने सांगितले, ते तिला कळले नाही, आणि त्या दिवसापासून कचरा रात्री नवरा टाकू लागला. यातले काहीही कोणी मुद्दाम केलेले नव्हते. प्रेमाने आणि सोयीने, एकेक करून, तिच्या हातातली सगळी कामे त्याच्या हातात गेली होती.

त्याचा आठवडा वेगळ्या अर्थाने कठीण होता. कामाच्या तासांवर कायद्याने आठवड्याला ५२ तासांची मर्यादा असली तरी ते ५२ तास तो अर्ध्या कळणाऱ्या भाषेत घालवत होता आणि त्याखेरीज सहकाऱ्यांबरोबरची ‘हेसिक’, म्हणजे कार्यालयीन जेवणे होती, ज्यांत तो कोशिंबीर आणि भात खाऊन इतरांच्या विनोदांवर उशिरा हसत असे. रात्री साडेआठला घरी आल्यावर त्याला दिवसातली पहिली शांतता मिळत असे. तिला मात्र त्याच क्षणी दिवसातला पहिला श्रोता मिळत असे. मग साडेअकराच्या सुमारास, भारतात रात्रीचे आठ वाजलेले असताना, तिच्या आईचा फोन येई आणि तो तासभर चाले. उरलेला सगळा संसार शनिवार-रविवारच्या सहलीवर येऊन पडे. पाच दिवसांचे बोलणे, लाड, तक्रारी आणि थकवा एका तक्त्यात बसवायचा म्हटल्यावर तो तक्ता फाटणारच.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. तिला माणसांची उणीव भासते आहे असे समजून मी तिला आधी तिकडच्या मराठी गृहिणींच्या गटात मिसळायला सुचवले. ती दोनदा गेली आणि अधिक खिन्न होऊन परतली, कारण तिथेही तिची ओळख ‘अमक्याची बायको’ अशीच झाली आणि संभाषणाचा विषय कोणाला नवऱ्याने कुठे नेले हाच होता. गट वाईट नव्हता. माझा सल्ला घाईचा होता. तिला आधी माणसे नव्हे, स्वतःची कामे परत हवी होती.

मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, फोन क्रमांक तिच्या नावावर करणे आणि तिचे स्वतःचे बँक खाते उघडणे. यासाठी त्याला एक दिवस रजा घ्यावी लागली. दुसरी, आईचा फोन दुपारी दीड वाजता ठेवणे, जेव्हा नाशिकला सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आईचीही कामे उरकलेली असतात. तिसरी गोष्ट त्याला सर्वांत अवघड गेली: पुढचे सहा आठवडे सहल आखायची नाही. जुलै लागला होता, कोरियातला पावसाळा सुरू होता, त्यामुळे निमित्तही आयते मिळाले.

त्याच काळात तिने न्याय मंत्रालयाच्या सामाजिक एकात्मता कार्यक्रमातील भाषावर्गासाठी नाव नोंदवले. या अभ्यासक्रमाचे शून्य ते पाच असे टप्पे आहेत आणि सुरुवातीच्या चाचणीनुसार टप्पा ठरतो. ती शून्यावर बसली. पण आठच दिवसांत तिने मला उत्साहाने सांगितले की कोरियन वाक्य आपल्यासारखेच चालते, क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीचे प्रत्यय शब्दाला मागून लागतात. ‘चोनुन जिबे गायो’ म्हणजे शब्दाला शब्द ठेवून ‘मी घरी जाते’. ‘जिब’ म्हणजे घर आणि तो ‘ए’ म्हणजे आपला ‘घरी’मधला ई. इतक्या भेटींत तिच्या तोंडून ‘मी’ हा शब्द कर्ता म्हणून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तोही कोरियन व्याकरणाच्या उदाहरणात.

वर्गाहून परतताना ती ह्वासॉंग किल्ल्याच्या तटावरून चालू लागली. १७९४ ते १७९६ या काळात राजा जोंगजो याने बांधवून घेतलेली ही तटबंदी सुमारे ५.७ किलोमीटरची आहे आणि १९९७पासून जागतिक वारसा यादीत आहे. मार्चमध्ये त्याने तिला हा किल्ला दाखवला होता, चाळीस मिनिटांत. आता ती रोज थोडा तुकडा चालत असे आणि फलकांवरची अक्षरे जुळवत असे. गणिताच्या शिक्षिकेला भावले ते वेगळेच: या बांधकामाचा सविस्तर अहवाल १८०१मध्ये छापला गेला, त्यात साहित्याचा आणि कारागिरांच्या मजुरीचाही हिशेब आहे, आणि कोरियन युद्धात पडझड झालेले भाग पुढे त्याच अहवालावरून पुन्हा उभारता आले. हे ती मला जितक्या आवेशाने सांगत होती, तितक्याच कुतूहलाने तिच्या शेजारी बसलेला नवरा ऐकत होता. त्याला यातले काही ठाऊक नव्हते.

वाचकांपैकी कोणी स्वतःची परिस्थिती यावरून ताडून पाहत असेल, तर एक भेद नीट लक्षात घ्यावा. या घरात फोन आणि पैसा सोयीपोटी एका हातात गेला होता आणि मागितल्यावर लगेच परत मिळाला. जिथे पासपोर्ट अडवून ठेवला जातो, पैसे मागितल्यावर हिशेब किंवा मार मिळतो, तिथे सहा आठवड्यांची सूत्रे कामाची नाहीत. कोरियात असे घडत असेल तर ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे आणि १५७७-१३६६ ही स्थलांतरित स्त्रियांसाठी चोवीस तास चालणारी, इंग्रजीतही बोलता येणारी मदतवाहिनी आहे. त्याचप्रमाणे झोप, भूक आणि जगण्याची इच्छा दोन आठवड्यांहून अधिक काळ मंदावली असेल, तर त्याला ‘करमत नाही’ असे न म्हणता डॉक्टरांना भेटावे.

भांडणे थांबली का, असे मला विचाराल तर नाही. ऑगस्टमध्ये तर एक मोठे भांडण झाले, कारण तिने त्याला न विचारता दूरच्या एका मंदिरापर्यंत एकटीने बसने जाऊन येण्याचा बेत पार पाडला आणि त्याला तो काळजीपेक्षा अपमान वाटला. त्या भेटीत तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला की, तिला माझी गरज लागणार नाही असे झाले तर मी नेमके काय करायचे, हे मला ठाऊक नाही. लग्न ठरवताना मुलाकडून ‘तू तिला सांभाळशील ना?’ असे वचन आपण सगळेच घेतो आणि त्या मुलाला आयुष्यभराचे एकच काम देऊन मोकळे होतो. त्या वाक्यावर आम्ही पुढचे दोन रविवार काढले.

ऑक्टोबरपासून सहली पुन्हा सुरू झाल्या, महिन्यातून एक त्याने ठरवायची, एक तिने. तिच्या सहलींना तक्ता नव्हता आणि छायाचित्रेही दोन-तीनच येत, म्हणून त्याच्या आईने काळजीने चौकशी केल्याचे त्याने सांगितले.

नोव्हेंबरच्या अखेरच्या भेटीत तो प्रथमच स्वतः तक्रार घेऊन आला. हे दिवस किमजांगचे, म्हणजे हिवाळ्याची किमची (कोबी-मुळ्याचे आंबवलेले तिखट लोणचे) घालण्याचे. आदल्या दिवशी ती त्याला पाल्दालमुन दरवाजाशी, जिथे तटबंदी तुटते आणि बाजार सुरू होतो, घेऊन गेली होती. मासळीचा अंश नसलेली किमची कशी घालायची, यावर तिची आणि तिथल्या भाजीवाल्या आजींची वीस मिनिटे चर्चा चालली, मधूनच दोघी हसल्या, आजींनी त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारले आणि तिने उत्तर दिले.

“मॅडम, मला एक अक्षर कळत नव्हते,” तो म्हणाला. “मी आपला कोबी आणि मुळ्यांची पिशवी धरून उभा. काय विचारले ते हिने अजून सांगितलेले नाही.”

ती बाजूला बसून पाणी पीत होती. तिने त्या दिवशीही सांगितले नाही.