चिंगी कोण होती, ते आधी सांग

प्रिय मावशी,

आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो. मी, नवरा आणि सात वर्षांचा लेक. तीन आठवड्यांपूर्वी आमची चिंगी गेली. चिंगी फेरेट होती, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी, सहा वर्षांची. तिला इन्सुलिनोमा झाला होता. शेवटी डॉक्टरांनी माझ्या मांडीवरच तिला इंजेक्शन दिलं. त्याआधी दोन-तीन महिने ती मधूनच शून्यात बघत बसायची, मागचे पाय ओढायची. मी म्हणायचे, म्हातारी झाली गं माझी बाई. आता वाटतं, मीच उशीर केला. वॉशिंग मशीनच्या मागे तिने लपवलेला ढीग सापडला. मोजे, खोडरबर, चहाची गाळणी, देवघरातली छोटी घंटा. त्याला हात लावायचा धीर होत नाही. रक्षा डब्यात भरून कपाटात ठेवलीय, घर भाड्याचं आहे. साताऱ्याहून सासूबाई म्हणतात, "मुंगसाचं कुणी सुतक धरतं का?" नवरा म्हणतो, मांजरीचं पिल्लू आणू. ऑफिसात तर सांगायचीही सोय नाही. तिचा जोडीदार बंड्या नुसता कोपऱ्यात पडून असतो. लेक विचारतो, "डॉक्टरांनी तिला मारलं का?" माझं काही चुकतंय का?

– चिंगीची आई

चिंगीच्या आई,

काही चुकत नाहीये तुझं. सहा वर्षं जिला हाताने भरवलं ती गेल्यावर तीन आठवडे रडू येणारच.

तुझं दुःख जड झालंय ते आणखी एका कारणाने. कुत्रं गेलं की लोकांना फार सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या आठवणीत एखादा मोत्या असतोच. फेरेट गेलं की आधी फेरेट म्हणजे काय ते समजावायचं, आणि ते समजावण्यातच रडू आटतं, समोरचा "अच्छा" म्हणून मोकळा होतो. तुझ्या सासूबाईंनी फेरेट कधी पाहिलेलंच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मुंगूस येतं, बांधावरून पळणारं. हा प्राणी मुंगसाच्या नव्हे, पाणमांजराच्या कुळातला. युरोपात माणूस तो दोन हजार वर्षांहून जास्त काळ पाळत आलाय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांचा राग मानू नकोस. पण गप्पही बसू नकोस. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर त्यांना चिंगीचा एखादा नाचाचा व्हिडिओ दाखव. पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडव्या उड्या मारत, भिंतीला धडकत फेरेट जे नाचतं आणि कुडकुड आवाज करत हसल्यासारखं करतं, ते पाहून न हसलेला माणूस मला तरी माहीत नाही. आधी चिंगी कोण होती ते त्यांना कळू दे. मग ती गेली म्हणजे काय झालं, तेही कळेल.

आणि त्या साताऱ्याच्या आहेत ना? मग संगम माहुली त्यांना सांगायला नको. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी तिथे आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. तिकडे जुन्नर तालुक्यात आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे आणि लोक आजही तिथे डोकं टेकतात. जनावराची आठवण दगडात बांधून ठेवणारी माणसं आपलीच. हे भांडायला म्हणून सांगू नकोस, सहज विषय काढ. बघ, सासूबाईच तुला आणखी दोन गोष्टी सांगतील.

आता ते उशिराचं. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुझी झोप यानेच उडालीय.

इन्सुलिनोमा म्हणजे स्वादुपिंडात छोट्या गाठी होतात आणि त्या नको तेवढं इन्सुलिन सोडतात. रक्तातली साखर एकाएकी उतरते. मग प्राणी शून्यात बघतो, लाळ गाळतो, पंजाने तोंड खाजवतो, मागचे पाय लटके पडतात. पण पोटात चार घास गेले की तोच प्राणी दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा मोजे पळवायला तयार. लक्षण येतं आणि जातं, म्हणून घरच्यांना ते दिसूनही कळत नाही. त्यात फेरेट दिवसातले चौदा ते अठरा तास झोपणारं. हलवलं तरी जागं होत नाही इतकं गाढ. अशा प्राण्याची झोप थोडी वाढली हे कुणाच्या लक्षात येणार? फेरेटचं आयुष्य सहा ते आठ वर्षांचं. सहाव्या वर्षी "म्हातारी झाली" असं तुला वाटलं, त्यात तुझी बेफिकिरी नव्हती. वय तसंच होतं तिचं.

दोन महिने आधी कळलं असतं तर? स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, दर तीन-चार तासांनी मांसाचं खाणं द्यायला सांगितलं असतं, कदाचित शस्त्रक्रियाही. तिचे काही महिने बरे गेले असते, हे मी नाकारत नाही. पण हा आजार बहुतेक वेळा पुन्हा डोकं वर काढतो. तो कायमचा बरा करण्याचं औषध तुझ्या हातात होतं आणि तू ते दिलं नाहीस, असं काहीही घडलेलं नाही. शेवटच्या दिवशी तुझ्या हातात एकच गोष्ट होती, तिला अनोळखी टेबलावर जाऊ न देणं. ती तू केलीस.

लेकालाही खरं ते सांग. चिंगी खूप आजारी होती, बरी होणार नव्हती, तिला त्रास होत होता, म्हणून आपण डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी न दुखता मरण येण्याचं औषध दिलं. "देवाघरी फिरायला गेली" नको आणि "झोपवलं" तर मुळीच नको. सात वर्षांचं मूल रात्री स्वतः झोपायला घाबरेल.

त्या ढिगाचं सांगते. फेरेट जे आवडतं ते लपवतं, तो त्याचा स्वभावच. म्हणजे तिला काय काय मोलाचं वाटत होतं, त्याची यादीच ती मागे ठेवून गेलीय. हलवण्याआधी तो आहे तसा त्याचा फोटो काढ. मग लेकाला शेजारी बसवून एकेक वस्तू बाहेर काढ आणि ती कधी हरवली होती, कुणावर आळ आला होता, ते वहीत लिहा. एखादा मोजा ठेव, बाकीचं ज्याचं त्याला जाऊ दे. घंटा स्वच्छ करून देवघरात परत ठेव. खोडरबर मात्र आजच उचल. रबर गिळलं तर बंड्याच्या आतड्यात अडकेल.

वही तिथेच थांबवू नकोस. ती कुठल्या बाहीत शिरायची, कुणाच्या टाचा चावायची, अंघोळीनंतर कुठल्या टॉवेलवर लोळायची, सगळं लिही. तिला असं ओळखणारी माणसं जगात तीनच आहेत आणि त्यातलं एक सात वर्षांचं आहे. त्याला हे पुढे आठवेलच असं धरून चालू नकोस.

रक्षा कपाटात आहे त्यात वावगं काही नाही. पण सासूबाईंना खटकत असेल आणि तुलाही कुठेतरी मातीत द्यावी वाटत असेल, तर मोठी कुंडी घे. घर बदललं की ती सोबत नेता येईल. फक्त रक्षा थेट मुळाशी ओतू नकोस. तिच्यात क्षार फार असतात, झाड जळतं. भरपूर मातीत आणि खतात थोडी थोडी मिसळ.

ऑफिसात सांगायची सोय नाही म्हणतेस, पण बोलायला माणसं मिळायला तू अगदी योग्य गावी आहेस. तुमच्या लीड्सच्या भागात, यॉर्कशायरात, सशांच्या शिकारीसाठी फेरेट पिढ्यान्‌पिढ्या पाळतात, गावजत्रांतून त्यांच्या नळीतल्या शर्यती लागतात. अशा एखाद्या म्हाताऱ्या फेरेटवाल्याशी दहा मिनिटं बोललीस तरी बरं वाटेल, तिथे तुला काहीच समजवावं लागणार नाही. ब्लू क्रॉस संस्थेची पाळीव प्राणी गमावलेल्यांसाठी मोफत सेवाही आहे, तिथे फोन कर. फेरेटसाठी रडतेय म्हणून तिकडे कुणी चकित होत नाही.

मांजरीच्या पिल्लाला सध्या नाही म्हण. नवरा वाईट हेतूने म्हणत नाहीये, तुला रडताना पाहवत नसेल त्याला. पण घरात आत्ता खरी गरज बंड्याची आहे. चिंगीची अंथरुणं सगळी धुऊ नकोस, एखादी तिच्या वासाची त्याच्याजवळ राहू दे. त्याच्याशी रोज जास्त वेळ खेळ. काही आठवड्यांनीही तो तसाच मलूल राहिला, तर फेरेटांच्या निवारा-केंद्रात त्याच्या वयाचा सोबती मिळतो का बघ. दोघांची पहिली भेट परक्या जागेत घडव, बंड्याच्या पिंजऱ्यात नको.

आणि तो नीट खातोय का? फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे जातं, त्याला उपास सोसत नाही. दिवसभर खाल्लं नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरकडे ने. त्यालाही आता सहाच्या आसपास वर्षं झाली असतील, तेव्हा रक्तातली साखर एकदा तपासून घे. तपासणीआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचार, मनाने ठेवू नकोस.

– तुझी मावशी